विंडोज उडाली, मारून घ्या!

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी नेहमीसारखा हा भाग लिहून काढलाय. बोललेलंच आहे, फक्त "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" थोडे कमी केलेत.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ती निळी स्क्रीन पाहिलीच नसेल. विंडोज ९८ चा कॉम्प्युटर मधेच बंद पडला, की पुढच्या वेळी चालू करताना आधी निळा पडदा यायचा. त्यावर इंग्रजीत लिहिलेलं असायचं, की कॉम्प्युटर नीट बंद केला नव्हता म्हणून डिस्क तपासतोय, आणि ही सूचना परत बघायची नसेल तर स्टार्ट मेनूतूनच बंद करत जा. सूर असा, की चूक तुमचीच. माझे मामा त्या पडद्याकडे बघून दर वेळी म्हणायचे, "आता ह्याला कोण सांगणार? मी न्हाय केला बंद. लाईट गेली."

मामांचं दुकान पेठनाक्याजवळच्या एका गावात होतं, सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात. आमचं घर कराडला, म्हणजे सातारा जिल्ह्यात. मधे हायवेचा अर्ध्या तासाचा रस्ता, त्यामुळे सगळ्या सुट्ट्या मामांकडेच. २००० साली त्यांनी डीटीपीसाठी कॉम्प्युटर घेतला. पेंटियम थ्री, ६४ एमबी रॅम, १० जीबीची हार्ड डिस्क. आज तुमच्या फोनमधलं व्हॉट्सॲप एकटं याहून जास्त जागा खात असेल. त्या मशीनवर लग्नपत्रिका, यात्रेची हँडबिलं, पतसंस्थेचे वार्षिक अहवाल, कारखान्याच्या निवडणुकीतली पत्रकं असं सगळं व्हायचं. आणि वर्षभरातच तो अधूनमधून "बसायला" लागला.

२००३ च्या पावसाळ्यात गावातले एक आबा दुकानात येऊन बसायला लागले. तरुणपणी ते प्रतिसरकारच्या चळवळीत होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९४२ च्या आंदोलनानंतर, साधारण १९४३ ते १९४६ या काळात, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातल्या गावागावांत लोकांनी इंग्रज सरकारला बाजूला सारून स्वतःचा कारभार चालवला होता. तेव्हाचा सातारा जिल्हा म्हणजे आजचे सातारा आणि सांगली, दोन्ही. नाना पाटलांचं येडेमच्छिंद्र आज सांगली जिल्ह्यात येतं, आणि ७ जून १९४३ ला जिथं सरकारी पगार घेऊन जाणारी रेल्वे अडवून लुटली ते शेणोली आज सातारा जिल्ह्यात. आमचे आबा काही पुढारी नव्हते. निरोप पोचवणं, लपलेल्या माणसांना भाकरी नेऊन देणं, रात्री वाट दाखवणं, असली कामं त्यांनी केली. अशा माणसांची नावं पुस्तकात येत नाहीत.

आबा सांगायचे आणि मामा टाइप करायचे. गिऱ्हाईक नसेल तेव्हा रोज तास-दीड तास. दिवाळीपर्यंत नव्वदेक पानं झाली. प्रिंट सगळं पूर्ण झाल्यावर काढायचं ठरलं होतं, कारण कार्ट्रिज महाग. एक प्रत फ्लॉपीवर होती. ती फ्लॉपी नंतर कुठल्याच ड्राइव्हनं वाचली नाही, त्या काळात हे अगदी रोजचं होतं.

२००४ च्या उन्हाळ्यात कॉम्प्युटर चालूच होईना. दुरुस्तीवाला आला, सीपीयू उघडला. (आपल्याकडे अख्ख्या डब्ब्याला सीपीयू म्हणतात. चूक आहे, पण मी तो शब्द बदलणार नाही.) दोन मिनिटांत निदान झालं: "विंडोज उडाली. मारून घ्या." त्यानं विचारलं, "आत काय म्हत्त्वाचं हाय का?" मामा गिऱ्हाइकाशी बोलत होते. त्यांना वाटलं तो सीपीयूच्या आतल्या कुठल्या पार्टबद्दल विचारतोय. म्हणाले, "न्हाई, मार तू."

फॉर्मॅट. अडीचशे रुपये.

तीन आठवड्यांनी कॉम्प्युटर परत बसला.

मला आज ज्याबद्दल बोलायचंय ते हे शेवटचं वाक्य आहे. आबांचं लिखाण गेलं ते गेलंच, पण ज्या आजारासाठी ते घालवलं तो आजार तिथेच होता. ही एका दुकानाची गोष्ट असती तर मी भाग केला नसता. साधारण १९९५ ते २०१० या काळात आपल्या भागात जे काही पहिल्यांदा कॉम्प्युटरवर लिहिलं गेलं, दूध संस्थांचे हिशेब, शाळांची स्मरणिका, पोवाडे, भाऊबंदकीच्या वंशावळी, त्यातलं किती "मारून घ्या" या दोन शब्दांनी गेलं असेल? मोजायला काही उरलेलंच नाही. दीडशे वर्षांपूर्वीचा मोडी कागद आपल्याकडे सापडतो. २००३ सालची फाइल सापडत नाही.

आता हा आजार नक्की काय होता ते बघू. त्यासाठी आधी डिस्कवर फाइल राहते कशी ते समजून घ्यावं लागेल. कंटाळवाणं नाहीये, थांबा.

सुट्या पानांची पोथी डोळ्यासमोर आणा. समजा पानं एका मोठ्या फडताळात जिथं जागा मिळेल तिथं ठेवलीत, सलग नाहीत. मग एक वही लागणार: या पोथीचं पहिलं पान कप्पा क्रमांक ५७ मध्ये, त्याच्या पुढचं ११२ मध्ये, त्याच्या पुढचं ११३ मध्ये, आणि तिथं समाप्त. ही वही म्हणजे फॅट, फाइल ॲलोकेशन टेबल. कप्पा म्हणजे क्लस्टर. ही पद्धत १९७७ साली अमेरिकेत, मायक्रोसॉफ्टच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत फ्लॉपीसाठी तयार झाली, तेव्हा ती कंपनी आल्बुकर्कमध्ये होती. छोट्या फ्लॉपीसाठी ती उत्तम होती. पुढे डिस्क मोठ्या होत गेल्या, फॅट १६ आलं, १९९६ च्या सुमारास फॅट ३२ आलं, पण मूळ कल्पना तीच राहिली. विंडोज ९८ याच वहीवर चालायचं.

आता बघा. तुम्ही फाइल सेव्ह करता तेव्हा पान कप्प्यात ठेवणं, वहीत साखळी लिहिणं आणि फोल्डरच्या यादीत फाइलचं नाव व आकार लिहिणं, अशी तीन वेगळी कामं होतात. पहिलं झालं आणि दुसरं किंवा तिसरं व्हायच्या आत लाईट गेली, तर? कप्प्यात पान आहे, पण ते कुठल्या पोथीचं हे कुणालाच माहीत नाही. याला लॉस्ट क्लस्टर म्हणायचे. कधी दोन पोथ्यांच्या साखळ्या एकाच कप्प्याकडे बोट दाखवायच्या, मग एका लग्नपत्रिकेत दुसऱ्याच नवरीचं नाव. वहीच्या दोन प्रती असतात, पण दोन्ही डिस्कवर शेजारीच, आणि चुकीची नोंद दोन्हींत तितक्याच इमानदारीनं उतरते.

स्कॅनडिस्क काय करायचा? बेवारस पानं गोळा करून फाइल००००.सीएचके, फाइल०००१.सीएचके अशी नावं देऊन ठेवायचा. मामांच्या सी ड्राइव्हवर अशा कितीतरी फाइली साठल्या होत्या. दुरुस्तीवाले त्यांना कचरा म्हणायचे आणि डिलीट करायचे. ती खरं तर हरवलेल्या लिखाणाची पानं असायची.

यावर उपाय जगात नव्हता असं नाही. तो तर आपल्या गल्लीतल्या पतसंस्थेतही होता! कुठलाही जुना कारकून तुम्हाला सांगेल की व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहायचा, मग खतावणीत चढवायचा. मधेच दिवाबत्ती गेली तरी सकाळी कीर्द बघून खतावणी पुरी करता येते. जर्नलिंग फाइल सिस्टीम हेच करते. काय बदल करणार ते आधी एका ठिकाणी लिहून ठेवते, मग करते. मायक्रोसॉफ्टकडेच १९९३ पासून एनटीएफएस होती, पण ती महागड्या विंडोज एनटीत. साध्या घरात, दुकानात ती पोचली २००१ साली, विंडोज एक्सपीबरोबर. लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये ईएक्सटी३ आली तीही २००१ च्या शेवटी. म्हणजे ज्यांच्याकडे २४ तास लाईट आणि चांगला यूपीएस, त्यांना कीर्द आधी मिळाली. ज्यांच्याकडे लाईटचा भरवसा नाही त्यांना शेवटी. हे कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, पण झालं तसं. आणि एक लक्षात ठेवा, एनटीएफएसची कीर्द मुख्यतः वहीचं रक्षण करते, पानावरच्या मजकुराचं नाही.

मग दुरुस्तीवाले व्हायरस-व्हायरस का करायचे? त्यालाही कारण होतं. २६ एप्रिल १९९९ ला सीआयएच नावाचा व्हायरस जगभर फुटला. चेर्नोबिल व्हायरस म्हणून तो गाजला. हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग तो पुसायचा आणि काही मशीनचं बायोसही मारायचा. या धसक्यानंतर कॉम्प्युटर कशानंही बंद पडला तरी पहिलं नाव व्हायरसचं. एक मात्र खरं, की विंडोज ९८ मध्येही दोष होते. वेगवान मशीन शटडाउन करताना डिस्कच्या आतल्या छोट्या मेमरीतला मजकूर प्लेटवर उतरायच्या आतच पॉवर तुटायची. मायक्रोसॉफ्टला त्यासाठी वेगळं अपडेट काढावं लागलं, आणि ते अपडेट करायचं काय, तर बंद होण्याआधी साधारण दोन सेकंद थांबायचं! बस, एवढंच. मामांचं मशीन वेगवान नव्हतं, त्यामुळे त्यांच्यावर तरी हा आळ घेता येत नाही.

२०२१ मध्ये मामींनी माळा रिकामा करायला मला बोलावलं. दुकान २००८ मध्येच बंद झालेलं. पोत्यात बांधलेला तो सीपीयू निघाला, आणि त्याच्याबरोबर मामांची एक वही. तिच्यात "कॉ. बसला" अशा नोंदी, तारीख आणि वेळेसकट. मामांना संशोधनाची हौस नव्हती. दुरुस्तीवाला एक महिन्याची गॅरंटी द्यायचा आणि नंतर "दोन म्हैने झालं की" म्हणायचा, म्हणून भांडायला पुरावा ठेवलेला.

२००१ ते २००५ मधल्या ४३ नोंदी होत्या. मी त्या फोनमधल्या साध्या शीटमध्ये भरल्या आणि चक्रावलेच. जून ते ऑक्टोबर या महिन्यांत जवळपास काहीच नाही. जानेवारी ते मे भरगच्च. आणि ४३ पैकी २९ वेळा घटना सकाळच्या किंवा संध्याकाळच्या ठरावीक तासातली. कुठला व्हायरस पावसाळ्यात सुट्टी घेतो? मग ट्यूब पेटली. आबांची नव्वद पानं पावसाळ्यात टाइप झाली होती. त्या दिवसांत मशीन शहाण्यासारखं वागत होतं, म्हणून तर मामांनी त्याच्यावर विश्वास टाकला.

पावसाळ्यात काय बंद असतं? विहिरीवरच्या मोटारी.

हा पट्टा उसाचा. डिसेंबर-जानेवारीनंतर उसाला पाणी म्हणजे कृष्णेवरच्या उपसा योजना आणि हजारो विहिरी. शेतीची थ्री फेज लाईट दिवसातले ठरावीक तासच यायची. शेतकरी रात्री-अपरात्री मोटार चालू करायला जाणार कसा? म्हणून स्टार्टरला "ऑटो" बसवलेला असायचा, लाईट आली की मोटार आपोआप सुरू. आता विचार करा, एका फीडरवरच्या सगळ्या ऑटो मोटारी एकाच क्षणी सुरू झाल्या तर काय होईल? अशी मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. गावातले बल्ब पिवळे पडायचे, पंखा मलूल व्हायचा, आणि मामांचा कॉम्प्युटर रीस्टार्ट व्हायचा. लाईट "गेली" नव्हतीच. फक्त वाकली होती. वहीतल्या वेळा थ्री फेज यायच्या वेळांशी जुळत होत्या.

यातली गंमत म्हणा किंवा दुःख म्हणा, महाराष्ट्राचं सगळ्यात मोठं जलविद्युत केंद्र आमच्या उशालाच आहे. कोयना धरण सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यात. १९६२ पासून वीज तयार होते, सगळे टप्पे मिळून क्षमता १,९६० मेगावॅट. पाणी आमच्याकडचं, पण ते सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला नेऊन कोकणच्या बाजूला सोडतात, कारण तिकडे उंचीचा फरक मोठा मिळतो. ती वीज राज्याच्या ग्रिडमध्ये जाते, धरणाजवळच्या गावाला वेगळी तार मिळत नाही. मे २००१ मध्ये दाभोळचा वीज प्रकल्प बंद पडला, मागणी वाढत गेली आणि २००५ नंतरची काही वर्षं तर गावोगाव तासन्‌तास लोडशेडिंग. तेव्हाच्या मुलांना वेळापत्रक पाठ होतं. नंतर गावठाणाचे आणि शेतीचे फीडर वेगळे करायचं काम झालं, आणि माझ्या मते आपल्याकडच्या हार्ड डिस्क वाचवण्यात कुठल्याही अँटिव्हायरसपेक्षा या कामाचा वाटा मोठा आहे.

पण एक प्रश्न उरतो. शेजारच्या मेडिकलवाल्याचा कॉम्प्युटरही त्याच लाईटवर होता. तो एवढा का बसत नव्हता?

म्हणून मी सीपीयू उघडला. आत धुळीची गादी, उसाच्या पट्ट्यात असते तशी काळसर, चिकट. मदरबोर्डवर प्रोसेसरच्या कडेला छोट्या पिंपांसारखे कपॅसिटर असतात, त्यांचं वरचं तोंड सपाट असायला हवं. इथं चार फुगलेले, एकाच्या डोक्यावर तपकिरी खरपूड. हाही एक जागतिक इतिहास आहे. साधारण १९९९ ते २००७ मधल्या लाखो मदरबोर्डवर सदोष इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर बसले, आणि ते दोन-चार वर्षांत फुगून फुटले. इंग्रजीत त्याला कपॅसिटरची साथ असंच म्हणतात, प्लेगसारखी. कपॅसिटरचं काम म्हणजे पाण्याच्या टाकीचं. नळ क्षणभर थांबला तरी घरात धार चालू राहते. टाकी फुटकी असेल तर नळ थांबला की धार थांबली.

सगळ्यात मोठी टाकी एसएमपीएसमध्ये असते, म्हणजे तारांचं जाळं निघतं त्या पॉवर सप्लायच्या डब्ब्यात. नवा चांगला एसएमपीएस वीज पूर्ण तुटल्यावर साधारण १६-१७ मिलीसेकंद तग धरतो, असा त्याचा निकषच आहे. आपल्या विजेचं एक आवर्तन २० मिलीसेकंदांचं. म्हणजे नवाकोरा एसएमपीएसदेखील एक पूर्ण आवर्तन हुकलं तर हमी देत नाही. जुना, फुगलेल्या कपॅसिटरचा, स्वस्तातला असेल तर विचारूच नका. मेडिकलवाल्याचा डबा कदाचित चांगला असेल, मामांचा नव्हता.

आणि इन्व्हर्टर! २००३ च्या उन्हाळ्यात मामांनी पंखा-ट्यूबसाठी इन्व्हर्टर घेतला आणि कॉम्प्युटरही त्यावरच जोडला. "आता बॅकअप हाय" म्हणून यूपीएसची मेलेली बॅटरी बदललीच नाही. पण घरगुती इन्व्हर्टर लाईटवरून बॅटरीवर यायला वेळ घेतो. पंख्याला ते कळत नाही, कॉम्प्युटरला कळतं. पुढे बऱ्याच इन्व्हर्टरवर मागच्या बाजूला एक छोटं बटण येऊ लागलं, एकीकडे यूपीएस आणि दुसरीकडे नॉर्मल. यूपीएसवर ठेवलं की बदल झटकन होतो. तुमच्या घरी इन्व्हर्टर असेल तर जाऊन बघा, मी थांबते.

तर मामांच्या मशीनचं खरं निदान असं: मोटारी सुरू होताना वाकणारं व्होल्टेज, त्याला न झेपणारा एसएमपीएस, फुगलेले कपॅसिटर, उशिरा जागा होणारा इन्व्हर्टर, आणि यातून मधेच तुटलेलं लिखाण झेलू न शकणारी १९७७ ची वही. एसएमपीएस आणि यूपीएसची बॅटरी बदलली असती तर चार-पाच फॉर्मॅटच्या पैशात भागलं असतं, निदान मदरबोर्ड पूर्ण मरेपर्यंत. पण दुरुस्तीवाल्याला तरी दोष कसा देऊ? एका बॅगेत सीडी, स्क्रूड्रायव्हर आणि खोडरबर घेऊन तो मोटारसायकलवर दहा गावं फिरायचा. खोडरबर रॅमच्या सोनेरी दातांवर घासायला, आणि तो उपाय खरंच चालतो, हसू नका. त्याच्याकडे व्होल्टेजची नोंद ठेवायला दोन आठवडे नव्हते. फॉर्मॅट अर्ध्या दिवसात व्हायचा आणि गिऱ्हाइकासमोर कॉम्प्युटर चालू झालेला दिसायचा.

दुकानाचं सोडा, सरकारी पातळीवरही हेच घडलं. १९९८ साली वारणा खोऱ्यात "वायर्ड व्हिलेज" नावाचा देशभर गाजलेला प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि तात्यासाहेब कोरे यांनी उभा केलेला वारणेचा सहकार, असे तिघे एकत्र. वारणानगर कोल्हापूर जिल्ह्यात, पण नदीपलीकडची गावं सांगली जिल्ह्यातली. दोन्हीकडची मिळून ७० गावं. गावात कॉम्प्युटर, त्यावर एक ऑपरेटर, आणि उसाची लागण नोंद, तोडणीचा परवाना, वजन, बिल हे सगळं कारखान्याला न जाता गावातच. कल्पना फार चांगली होती आणि शेतकऱ्यांचे हेलपाटे खरंच वाचले. पण कॉम्प्युटर म्हातारे झाले. लाईटचे हाल, जुने पार्ट, दुरुस्तीचा खर्च. २००७ च्या सुमारास बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चचे संशोधक तिथं आले. त्यांना दिसलं की गावातला कॉम्प्युटर मुख्यतः एकच काम करतोय, कारखान्याची माहिती आणणं-नेणं. मग त्यांनी सात गावांत आठ महिने प्रयोग केला. कॉम्प्युटर बाजूला, साधा मोबाइल आणि एसएमएस. शेतकऱ्याचा क्रमांक पाठवा, उसाचं वजन उत्तरात येतं. डेटा एका जागी, कारखान्याच्या बाजूला. स्वस्त पडलं, आणि शेतकऱ्यांना जास्त आवडलं. मायक्रोसॉफ्टच्या माणसांनी गावातला पीसी काढून फोन द्यावा, यावर मामा फार हसले असते.

मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यांनी "कॉम्प्युटर दुरुस्त कसा करायचा" इतकंच विचारलं नाही. जी गोष्ट वारंवार मोडते ती त्या जागी असायलाच हवी का, असंही विचारलं.

आता माळ्यावरच्या डिस्ककडे येते. मी ती मशीन चालू करून बघितली नाही, आणि तुम्हीही बघू नका. जुनी डिस्क प्रत्येक वेळी फिरताना थोडी आणखी मरते, आणि विंडोज सुरू होतानाच डिस्कवर लिहायला लागते. डिस्क काढली, आयडीई ते यूएसबी ॲडॉप्टर लावला, लिनक्सच्या लॅपटॉपवर डीडीरेस्क्यू चालवून तिची तंतोतंत प्रत काढली. जो भाग वाचता येत नाही तो डीडीरेस्क्यू आधी सोडून देतो आणि शेवटी हळूहळू परत प्रयत्न करतो. अख्खी रात्र आणि दुसरी दुपार गेली. मधे डिस्क टक् टक् करायची तेव्हा माझ्याच पोटात गोळा यायचा. मग मूळ डिस्क बाजूला ठेवून फक्त प्रतीवर काम.

एक गोष्ट तेव्हा कुणाला माहीत नव्हती. त्या काळचा साधा फॉर्मॅट वही आणि मुख्य फोल्डरची यादी कोरी करायचा, फडताळातली पानं तिथंच राहायची. नंतर विंडोज, गेम, आणखी लग्नपत्रिका त्यावर चढत गेल्या तशी ती पुसली गेली. मे २००४ मध्ये त्याच दिवशी कुणी डिस्क काढून ठेवली असती तर नव्वदच्या नव्वद पानं मिळाली असती.

मी २०२१ मध्ये शोधत होते. फोटोरेकनं हजारो तुकडे काढले, पण आबांचं काहीच नाही. कारण सोपं होतं आणि मला दोन दिवस सुचलं नाही: तो मजकूर देवनागरी नव्हताच! युनिकोड यायच्या आधीच्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी आतून इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी असतं. फॉन्ट लावला तरच मराठी दिसतं. मग मामांच्या जुन्या फॉन्टमध्ये "शेणोली" टाइप केलं, त्याची आतली खिचडी काय होते ते बघितलं, आणि डिस्कच्या प्रतीत ती खिचडी शोधली.

एका जागी सापडली. आजूबाजूला मिळून सलग चार क्लस्टर. प्रत्येकी ८ केबी, म्हणजे ३२ केबी. कन्व्हर्टरमधून काढून, हातानं जोडाक्षरं दुरुस्त करून अकरा पानं झाली. सुरुवात एका वाक्याच्या मधूनच होते, शेवटही तसाच तुटतो. त्यात रेल्वेची हकीकत नाही, गावाचं नाव फक्त वाटेवरचं म्हणून आलंय. बाकी सगळं एका पावसाळ्याबद्दल आहे: कुणाच्या घरातून किती भाकरी, कोरड्यास काय होतं, कुठल्या ओढ्याला पाणी चढलं म्हणून निरोप दोन दिवस उशिरा गेला. बायकांची नावं आहेत, ज्या रात्री उठून भाकरी थापायच्या. सात नावं. ती मी आबांच्या नातवाला दिली आहेत, इथं वाचणार नाही.

मामींना वाचून दाखवली तर त्या म्हणाल्या, "ह्यातल्या दोघी माझ्या आठवणीत हैत की. कुणी विचारलंच न्हाई." पुढच्या रविवारी फोनवर रेकॉर्ड करायला मी परत गेले. दोन तास झालं. ते रेकॉर्डिंग आता तीन ठिकाणी आहे: फोनमध्ये, मेलवर, आणि नातवाकडे पेन ड्राइव्हवर. पेन ड्राइव्ह फॅट ३२ आहे, हो. काढताना इजेक्ट करत जा म्हणून त्याला दोनदा सांगितलंय.

तुमच्या घरी माळ्यावर असा सीपीयू असेल तर चालू करू नका, भंगारवाल्याला देऊ नका, डिस्क काढून कोरड्या डब्यात ठेवा आणि मला कळवा. पुढचा भाग पंधरा दिवसांनी. मेडिकलवाल्या काकांनी स्वतःचा जुना सीपीयू उघडायला परवानगी दिली आहे, बघू त्यांच्या एसएमपीएसमध्ये काय निघतंय.